थोरली पाती, धाकटी पाती आणि एक ड्रम

देवासच्या मराठी माणसाला एकाच वेळी दोन सरकारांच्या अमलाखाली राहण्याची पिढीजात सवय आहे. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवास आपसांत वाटून घेतलं आणि थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदू लागली. गाव एक, राजे दोन, दरबार दोन, खजिने दोन. रस्त्याची ही बाजू थोरल्यांची, ती धाकट्यांची. टेकडीवर देवीसुद्धा दोन, बडी माता आणि छोटी माता. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून इथं राहिला. इथल्या कारभाराचा त्यानं इतका धसका घेतला असावा, की त्यावर पुस्तक काढायला १९५३ साल उजाडलं. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि गावाला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसले सुटतोय! पात्या राजवाड्यातून निघाल्या आणि कारखान्यांत शिरल्या.

मी धार जिल्ह्यात, पीथमपूरच्या एका रासायनिक कारखान्यात 'कम्प्लायन्स' पाहतो. घर देवासला, नोकरी पीथमपूरला, मध्ये इंदूरचं ट्रॅफिक. नोकरीचं वर्णन दोन वाक्यांत होतं. कारखाना कायद्याप्रमाणे चाललाय हे कागदावर दाखवायचं, हे पहिलं. आणि कागदावर जसं दाखवलंय तसं कारखान्यानं खरंच वागावं म्हणून लोकांच्या मागे लागायचं, हे दुसरं. पहिल्या कामाचा पगार मिळतो. दुसऱ्या कामामुळे कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नाही.

पुण्याच्या आत्याला हे समजावून सांगण्याचा प्रसंग दर लग्नकार्यात येतो.

"म्हणजे तू इन्स्पेक्टर का रे?"

"नाही आत्या. इन्स्पेक्टर येतो तेव्हा त्याच्यासमोर मान खाली घालून बसतो, तो मी."

"मग माल कोण करतं?"

"प्रॉडक्शनवाले."

"आणि विकतं कोण?"

"मार्केटिंगवाले."

"आणि तू?"

"मी दोघांना थांबवतो."

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुमच्या देवासला नोटा छापण्याचा कारखाना आहे ना? तिथं का नाही रे चिकटलास?"

आत्याचं बरोबर आहे. बँक नोट प्रेसमधून काहीतरी छापून बाहेर पडतं, ते लोकांना हवं असतं. माझ्याकडून जे छापून बाहेर पडतं ते पाहिलं की लोक जिन्यानं उतरतात.

आता पात्यांकडे वळू. एक ड्रम घ्या. लोखंडी, दोनशे लिटरचा, टोल्यूइनचा. दिसायला निरुपद्रवी, वासाला रंगाच्या दुकानासारखा. तुम्हाला वाटेल, ज्यानं पैसे देऊन आणला त्याचा तो ड्रम. चूक. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, २३ अंशांच्या खाली, म्हणून पेट्रोलियमच्या नियमांत तो 'ए' वर्गात बसतो आणि त्याच्या साठवणीवर 'पेसो' या खात्याची नजर असते. 'पेसो'चं मुख्यालय नागपूरला. म्हणजे ड्रम पीथमपूरला आणि त्याचे पालक नागपूरला. ड्रम ज्या छपराखाली उभा आहे ते छप्पर औद्योगिक स्वास्थ्य आणि सुरक्षा खात्याचं. झाकण उघडलं की वर जी वाफ येते ती १९८१ च्या हवा कायद्याची. हातून सांडलं आणि फरशी धुतली, की ते पाणी १९७४ च्या पाणी कायद्याचं. ड्रम ट्रकवर चढवला तर तो मोटार वाहन नियमांच्या ताब्यात जातो, आणि त्या ड्रायव्हरला धोकादायक माल नेण्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. बरं, सगळं टोल्यूइन वापरून ड्रम रिकामा झाला, आता तरी सुटका? रिकामा ड्रम हा घातक कचरा. २०१६ च्या नियमांत त्याला स्वतःचा नंबर आहे, ३३.१. भरलेला असताना तो नुसता ज्वालाग्राही होता, रिकामा झाल्यावर त्याला अनुसूचीत जागा मिळाली. माणसांतही अशी उदाहरणं आढळतात, पण तो विषय वेगळा.

या सगळ्यांवर प्रदूषण नियंत्रण मंडळं दोन. दिल्लीचं केंद्रीय मंडळ ही थोरली पाती, भोपाळचं राज्य मंडळ ही धाकटी. थोरली पाती मार्गदर्शक सूचना काढते, धाकटी पाती सम्मती देते. मराठीत आपण कन्सेंट म्हणतो, इकडच्या सरकारी हिंदीत 'सम्मति'. कारखाना उभारायची एक सम्मती, चालवायची दुसरी. धाकटी पाती कारखान्यांचे रंग ठरवते, ते थोरलीनं आखून दिलेल्या यादीप्रमाणे. लाल, नारंगी, हिरवा, पांढरा, निळा. आमचा लाल. चारचौघांत सांगायची सोय नाही.

त्यामुळे आमचं पंचांगही वेगळं. ३० जून म्हणजे घातक कचऱ्याचा वार्षिक परतावा, फॉर्म ४. गणपती उठले की ३० सप्टेंबरचं पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५. पर्यावरण मंजुरी घेतलेल्यांना १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अहवाल. शिवाय घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, त्यामुळे गोदामातल्या प्रत्येक पोत्याचा वाढदिवस मला पाठ असतो. बायकोचा एकदा चुकला होता, त्यावर घरात अजून सुनावणी चालू आहे.

कचरा बाहेर काढायचा तर फॉर्म १०, म्हणजे मॅनिफेस्ट. एका पानाच्या सात प्रती आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला. पांढरी आम्ही मंडळाला पाठवायची. पिवळी ट्रकवाल्याची सही घेऊन आमच्याकडे. गुलाबी ज्यानं कचरा घेतला त्याच्याकडे. नारंगी ट्रकवाल्याकडे. हिरवी कचरा घेणाऱ्यानं मंडळाला, निळी त्यानंच आम्हाला. आणि राखाडी, कचरा दुसऱ्या राज्यात गेला तर त्यानंच आमच्या राज्याच्या मंडळाला. कायदा करणाऱ्यानं हे सारं फार विचारपूर्वक केलंय, कारण इतकी सगळी माणसं एकाच वेळी खोटं बोलणं अवघड. पण त्यानं ट्रकची केबिन पाहिलेली नसावी. तिथं उरलेले रंग गिअरजवळच्या खणात तंबाखूच्या पुडीखाली एकत्र राहतात, आणि परत येतात तेव्हा सगळे एकाच रंगाचे असतात. निळी प्रत वेळेवर आली नाही म्हणून मी एका ड्रायव्हरला फोन केला. "नीली तो है साब," तो म्हणाला, "पर अब भूरी हो गई है."

कागदपत्रांच्या बाबतीत धारशी आपलं जुनं नातं आहे. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा हुकूम होता आणि आनंदीबाईनं 'ध'चा 'मा' केला, ही १७७३ सालची दंतकथा प्रत्येक मराठी पोराला ठाऊक असते. हीच आनंदीबाई पुढे धारच्या किल्ल्यात येऊन राहिली, आणि १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तिथंच झाला. इतिहासकार ती दंतकथा मानोत न मानोत, आमच्या दृष्टीनं ती खाडाखोडीची गंभीर त्रुटी आहे. नव्या भरतीच्या पोरांना मी तीच सांगून शिकवतो. अक्षर बदलायचं तर जुन्यावर एकच आडवी रेघ, आणि जुनं वाचता आलं पाहिजे. शेजारी नवं अक्षर, सही, तारीख आणि बदलाचं कारण. व्हाइटनर बंद. बाईनं एवढं पाळलं असतं तर गारद्यांना 'ध' आणि 'मा' दोन्ही दिसले असते. त्यांनी खुलासा मागणारं पत्र टाकलं असतं, खुलासा यायला सहा महिने लागले असते, त्यात एक पान कमी म्हणून तो परत गेला असता, आणि नारायणराव सुखानं म्हातारे झाले असते.

पोरं हसतात. मग त्यांना देवासची गोष्ट सांगतो. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रॅनबॅक्सीच्या देवास आणि पाओंटा साहिब इथल्या कारखान्यांतली तीसहून अधिक औषधं आयातीला अडवली. २०१३ साली कंपनीच्या अमेरिकी शाखेनं गुन्हे कबूल केले आणि ५० कोटी डॉलर मोजले. त्या गुन्ह्यांत खोटी विधानं करणं हाही एक होता. पोरं हसायची थांबतात आणि खिशातलं व्हाइटनर काढून टेबलावर ठेवतात.

देशी पात्या परवडल्या, अशी वेळ परदेशी गिऱ्हाईक आणतं. युरोपात 'रीच' नावाचा कायदा आहे, २००६ सालचा. एखादं रसायन वर्षाला एक टन किंवा जास्त तिकडे जाणार असेल तर त्याची नोंदणी हेलसिंकीच्या कार्यालयात व्हावी लागते, आणि ती आपण इथून करू शकत नाही, त्यासाठी तिकडचा एक प्रतिनिधी नेमावा लागतो. इथपर्यंत ठीक. खरी गंमत गिऱ्हाइकाच्या प्रश्नावलीत असते. आम्ही एक साधा अकार्बनी क्षार विकतो. त्याच्याबद्दल मी आजवर लेखी हमी दिली आहे, की त्यात शेंगदाणे नाहीत, गहू नाही, अंडी नाहीत, त्याला गाईगुरांना होणारा मेंदूचा रोग झालेला नाही, आणि तो शाकाहारी आहे. शेवटची हमी देताना मालवणच्या एका सहकाऱ्याला वाईट वाटलं, पण त्यानं सही केली.

प्रत्येक मालासोबत सोळा कलमांचं सुरक्षा पत्रक द्यावं लागतं. लोक त्याला अजून एमएसडीएस म्हणतात. जेवणातल्या मिठाचंही असतं. त्यात डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे आणि सांडल्यास झाडून डब्यात भरावं, असं सविस्तर दिलेलं असतं. आमच्या स्टोअरकीपरनं ते वाचलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, की तू रोज विनापरवाना काम करतेस. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यातली भाजी अळणी होती. यालाच जोखीम नियंत्रण म्हणतात.

आता मॉक ड्रिल. घातक रसायनं ठराविक प्रमाणाबाहेर साठवणाऱ्या कारखान्यानं दर सहा महिन्यांनी आपत्कालीन योजनेची तालीम घ्यावी, असा १९८९ चा नियम आहे. आमच्याकडे ती 'अचानक' होते. अचानक होणार असल्याची सूचना आठवडाभर आधी फलकावर लागते. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पोहे-जिलेबी असते, म्हणून हजेरी शंभर टक्के. जखमी कोणी व्हायचं, यावर स्ट्रेचर उचलणाऱ्यांचं मत निर्णायक असतं, त्यामुळे पॅकिंगमधला सर्वांत हडकुळा पोरगा दर खेपेला बेशुद्ध पडतो. त्याचा आता त्यात हात बसलाय.

मागच्या तालमीला सायरन झाला. टाकीजवळ लाल झेंडी लागली, वायुगळती असं ठरलं. नियम असा, की छपरावरचा वातदर्शक बघायचा आणि वाऱ्याच्या विरुद्ध किंवा आडवं निघायचं. दोनशे माणसं वातदर्शकाकडे ढुंकूनही न बघता सरळ कडुनिंबाखाली गेली, कारण असेंब्ली पॉइंट तिथं आहे आणि चहावालाही तिथंच उभा राहतो. वारा त्या दिवशी टाकीकडून बरोबर कडुनिंबाकडे वाहत होता. बेशुद्ध पोरगा स्ट्रेचरवर आला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं डोळे मिटूनच उचलला आणि हळूच म्हणाला, "अभी बेहोश हूँ, बाद में करता हूँ."

मग शिरगणती. फाटकावरच्या रजिस्टरप्रमाणे जितकी माणसं आत होती त्यापेक्षा एक जास्त भरली. पुन्हा मोजली, तरी एक जास्त. सेफ्टी ऑफिसर खूश. माणूस कमी भरला तर प्रश्न, जास्त भरला तर काय बिघडलं? बऱ्याच वेळानं कळलं, की तो एका ॲसिड टँकरचा क्लीनर होता. ड्रायव्हरची नोंद होती, क्लीनरची कोणी केली नव्हती. जिलेबीचा वास आला म्हणून बिचारा केबिनमधून उतरला होता. अहवालात 'उपस्थिती समाधानकारक' असं लिहायचं ठरत होतं. मी सही केली नाही. खरी गळती झाली असती तर जिलेबी नसती, तो केबिनमध्येच झोपलेला राहिला असता, आणि आमची शिरगणती तंतोतंत जुळली असती.

कम्प्लायन्सच्या सगळ्या विनोदांची मुळं इथं आहेत आणि सगळ्या रडण्याचीही. कागद एक बोलतो, टाकी दुसरं बोलते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट गावावर पसरलं. हजारो माणसं मेली. त्या कारखान्यात टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, वायू धुऊन काढणारा स्क्रबर होता, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर होता. कागदावर तिन्ही गोष्टी होत्या. शीतयंत्रणा काही महिने बंद होती, स्क्रबर चालू स्थितीत नव्हता, आणि फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. माझ्या टेबलावरचा निम्म्याहून अधिक कायदा त्या रात्रीनंतरचा आहे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांचे नियम. एवढे फॉर्म कशाला, असं प्रॉडक्शनवाला विचारतो, तेव्हा मी त्याला या तारखा सांगतो.

आणि या गोष्टीचं शेवटचं पान आमच्याच जिल्ह्यात लिहिलं गेलं. त्या कारखान्याच्या आवारात चाळीस वर्षं पडून राहिलेला ३३७ टन घातक कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांत भरून, पोलीस बंदोबस्तात पीथमपूरला आणला. ३ जानेवारीला पीथमपूर बंद. लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या, मग बाकीचा कचरा जाळला आणि जूनअखेर तो संपला. ९० दिवस ठेवायचा कचरा चाळीस वर्षं ठेवला गेला होता. सरकार म्हणत होतं, सगळं मापात आहे. लोक म्हणत होते, आमचा विश्वास नाही. आकड्यांबद्दल माझं काय मत आहे, हे तेव्हा मला देवासच्या गल्लीत सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, की आकडे बरोबर असतील, पण चाळीस वर्षं कोणी दाखवलेच नाहीत तर लोकांनी ते एका आठवड्यात का मानावेत? कागद खोटा निघाला की पुढचे शंभर खरे कागदही वाया जातात.

म्हणून एक विनंती, आणि ती फुकट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशापासून घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यानं फाटकाबाहेर फलक लावायचा असतो. आत कोणती रसायनं आहेत, किती कचरा पडलाय, हवा-पाण्याचे आकडे किती, हे त्यावर असतं. तो आमच्यासाठी नाही, इन्स्पेक्टरसाठीही नाही. तो रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी आहे, आणि तो कोणीच वाचत नाही. आमच्या फाटकासमोरच्या पानवाल्यानं एकदा वाचला. "साब, ये सीओडी ढाई सौ से नीचे रहना चाहिए ना? कल तो कम था, आज क्या हुआ?" असं सांडपाण्याच्या आकड्याबद्दल त्यानं विचारलं. त्या दिवशी ईटीपीवाल्यानं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्यानं, दुपारचं जेवण सोडलं. थोरली पाती आणि धाकटी पाती मिळून वर्षात जे करत नाहीत ते त्या पानवाल्यानं चुना लावता लावता केलं.

तुमच्या गावाजवळ कारखाना असेल, तो महाडला असो, तारापूरला असो की देवासला, तर येता-जाता तो फलक वाचा. आकडे नाही समजले तरी चालेल, तारीख बघा, आणि तिच्यावरून बोट फिरवा. बोटाला खडू लागला तर आत कोणीतरी माझ्यासारखा माणूस काम करतोय. तारीख ऑइल पेंटनं लिहिलेली असेल तर घरी जाऊन प्रदूषण मंडळाला एक पत्र टाका, आणि त्या पत्राची पावती जपून ठेवा.